आईच्या बाजूचा पत्रा

गाडी आपण पहिल्यासारखी करू, असं धाकट्याने बाबांना सांगून टाकलं तेव्हा त्याने तिच्यावरची ताडपत्री उचलूनसुद्धा पाहिली नव्हती. माझा संताप तिथून सुरू होतो. तो अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कुठे वाकडं बोलले तर कोणी मनाला लावून घेऊ नये.

आमचं घर पुढे, शेड मागे, मध्ये अंगण. शेडच्या एका अर्ध्यात मी: ठोकणं, कापणं, वेल्डिंग. दुसऱ्या अर्ध्यात माझा धाकटा भाऊ: घासणं, रंग, पॉलिश. मध्ये प्लास्टिकचा जाड पडदा, माझी धूळ त्याच्या ओल्या रंगावर बसू नये म्हणून. शेड बाबांची, हातोड्या बाबांच्या, आणि गिऱ्हाईक अजूनही म्हाताऱ्याची शेड कुठे, असंच विचारत येतं. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मी म्हाताऱ्याची मुलगीच.

बाबांची कामाची एक रीत होती. पत्रा ठोकून सरळ झाला की रंगाकडे जाण्याआधी ते गाडीपाशी येत, डोळे मिटत आणि पत्र्यावरून डावा हात फिरवत. उजवा कधीच नाही. उजवा हात हातोडी धरून बहिरा झालाय, डाव्याला अजून ऐकू येतं, असं म्हणत. हात कुठे थांबला की डोळे न उघडताच एक शब्द: "पुन्हा." कुठे चुकलं ते सांगणार नाहीत, कसं करायचं तेही नाही. मी असला राग राग करायची त्या शब्दाचा, की घरात आईने भाजी पुन्हा वाढू का विचारलं तरी माझं डोकं फिरायचं.

आणि पुट्टीला आमच्या शेडमध्ये मज्जाव. पुट्टी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. वाळला की टणक होतो, घासून वर रंग मारला की पत्रा कुठे संपला आणि पुट्टी कुठे सुरू झाली हे कोणाच्या बापाला कळत नाही. माझ्या बापाला कळायचं. सगळं जग नखाएवढा थर मारतं, त्यात काही पाप नाही. कामाला लागले तेव्हा एका मडगार्डावरची खळगी काही केल्या निघेना, म्हणून मीही मारला. बाबांनी हात फिरवला, छिन्नी मागितली, आणि गिऱ्हाइकाच्या देखत तो थर खरवडून जमिनीवर पाडला. मग मला म्हणाले, "तू घरी जा. उद्यापासून यायचं नाही."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. पण पावसाळा गेला, थंडी गेली, तरी मला शेडची पायरी चढू दिली नाही. आई मध्ये एका शब्दाने पडली नाही. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मागच्या हातोडीचे आवाज ऐकायची आणि हात शिवशिवायचे. शेवटी कामं तुंबली तेव्हा एका सकाळी त्यांनी माझी हातोडी आणून दाराशी ठेवली. बोलले काहीच नाहीत, मीही विचारलं नाही. पण असली गोष्ट विसरणारी बाई मी नव्हे.

इतका कडक माणूस, आणि त्याची स्वतःची गाडी अंगणाच्या टोकाला ताडपत्रीखाली कुजत होती. गोल पाठीची, जाड नाकाची, शेवाळी रंगाची जुनी गाडी. त्या काळात अशा गाड्या रस्तोरस्ती होत्या, आता त्या पाहायला लोक रस्त्यात थांबतात. मी शाळेत होते तेव्हा आम्ही चौघं त्याच गाडीतून कुठेसे निघालो होतो. बाबा चालवत होते, आई शेजारी, आम्ही दोघं मागे. रस्त्यावरचा एक दगड उडाला, खालून पत्रा फोडून आत आला आणि आईचा पाय गेला. म्हणजे पाय आहे, पण टाच चेचली आणि घोटा जुळला तो वाकडाच. तेव्हापासून आई पाय ओढत चालते. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की बाबांनी अंगातला सदरा काढून तिच्या पायाला गुंडाळला होता आणि तो सदरा बघता बघता रंग बदलत गेला. दगडाची गोष्ट मात्र आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली, की तो दगड आपण डोळ्यांनी पाहिलाय असं मला वाटायचं.

त्या दिवसापासून गाडी उभी. कोणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "करायची आहे. वेळ मिळाला की." वेळ काही मिळाला नाही. ताडपत्री फाटली की ते नवी आणून घालत, दोऱ्या करकचून बांधत, आणि आम्हाला तिथे फिरकू देत नसत.

मागच्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. व्यायाम घ्यायला एक बाई रोज घरी येऊ लागली. हातापायाचा व्यायाम तीच घ्यायची, बोलण्याचा सरावही तीच. आम्हाला बजावून सांगितलं, शब्द अर्धवट आला तर समजून घेऊ नका, त्यांना तो पुन्हा म्हणायला लावा. पण म्हणणार कोण? बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. बाईने हात धरला की डाव्या हाताने तिचा हात झिडकारायचे.

मग एके दिवशी धाकट्याला बुद्धी सुचली. खाटेवर बसून, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त उठून उभे राहा. आपली गाडी मी आणि ताई पहिल्यासारखी करतो. ताडपत्री काढतो, सगळा पत्रा नवा करतो. तुम्हाला त्यात बसवून नेतो."

बाबांनी डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. एकदा नाही, आपटतच राहिले. घशातून नुसता घरघराट, आणि डोळ्यांतून पाणी.

"बघ ताई," धाकटा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "किती आनंद झालाय त्यांना."

दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा बाबा उठून बसायची धडपड करत होते. महिन्याभरात वॉकर धरून उभे राहिले. पाय टाकायला लागले ते थेट मागच्या दाराच्या दिशेने. बाई त्यांना खिडकीकडे वळवायची, ते परत दाराकडे वळायचे. असा जिद्दीचा पेशंट पाहिला नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. धाकटा तर हवेतच. गाडीचं नाव काढलं की बाबा कसे तरतरीत होतात बघ, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर गाडीचं नाव काढायचा.

म्हणजे झालं काय, तर शब्द दिला धाकट्याने आणि तो पाळायचा मी. रंग देणं धाकट्याचं काम, पण रंग द्यायला आधी पत्रा लागतो, आणि गाडी होण्यासारखी आहे की नाही हे सांगायचं काम शेडमध्ये माझं. नाही म्हणावं तर बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार आणि ते खापर माझ्या डोक्यावर. हो म्हणावं तर काय बघून म्हणू? मी धाकट्याशी दोनचार दिवस एकही शब्द बोलले नाही. त्याला वाटलं, मी कामाची आखणी करतेय.

शेवटी एका सकाळी आम्ही दोघांनी मिळून दोऱ्या कापल्या आणि ताडपत्री ओढून काढली.

आतून जो वास आला तो बंद विहिरीतून येतो तसा. गाडी मातीवर उभी, चारही टायर मातीत रुतलेले. बाबा गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचे, गाडी उघड्यावर ठेवा, भिजू दे, वाळू दे, पण झाकून मारू नका; ताडपत्री पाऊस अडवते आणि जमिनीची ओल आत कोंडते. हे सांगणाऱ्या माणसाने स्वतःची गाडी झाकून मारली होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझं सगळं लक्ष धाकट्यावर चिडण्यात.

मी चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढून सुरुवात केली. मडगार्ड दोन्ही गेलेले, हेडलाइटच्या भोवती नुसती कडा शिल्लक. दारांचे खालचे काठ हाताने मोडत होते. दारांखालून जी जाड पट्टी पुढून मागे जाते तिच्यावर या जुन्या गाड्यांचा सगळा भार असतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून तांबूस चुरा ओघळला. मी पुढचं दार उघडलं तर ते जागेवरून खाली उतरलं. परत लावायला गेले तर लागेना. गाडीची कंबर मोडली होती.

धाकटा वर टपावर हात फिरवत होता. "टप बघ ना ताई. एक डाग नाही."

"टपावर बसवून नेणार आहेस का बाबांना?"

"तुझं आपलं काहीतरी. अगं, जुना पत्रा किती जाड असतो."

"असायचा. आता बोट घाल, आरपार जाईल. पट्ट्या गेल्या, खांब मुळाशी गेले, मागे डिकीचा तळ नाही. नवा पत्रा जोडायला जुना तर हवा ना कुठेतरी? हवेला वेल्डिंग करू?"

त्याने पायाने एक पोपडा उडवला. "म्हणजे तू नाही म्हणतेस."

"मी कुठे म्हणतेय? गाडी म्हणतेय. तू आधी तिला विचारायचं होतंस, मग बाबांना."

तो आवाज खाली आणून, गोड करून म्हणाला, "ताई, आपल्याला चालवायची कुठे आहे? मी काय म्हणतो, भोकांना मागून जाळी लावू. वरून पुट्टी. घासून मी असा रंग देतो की तोंड दिसेल त्यात. बाबांना खुर्चीत बसवून अंगणात आणू, दाखवू. त्यांचं मन राहील. कोणाचं काय जातं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नखाएवढ्या पुट्टीसाठी मला घरी बसवलं होतं, आणि हा बाबांच्याच गाडीला पुट्टीचं अंग करायला निघाला होता, तेही बाबांच्या डोळ्यांदेखत, बाबांच्या भल्यासाठी.

"आणि त्यांनी हात फिरवला तर?"

"त्यांचा हात गेलाय, ताई."

"उजवा गेलाय," मी म्हटलं.

मी दुसऱ्या बाजूला, आईच्या बाजूला गेले. खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं, पण बाबांना नाही सांगायचं तर सगळी गाडी बघितली असं सांगता यायला हवं. खाली रबरी मॅट होती, मातीने जड झालेली. मी तिची कड धरून ती उलटी केली.

मॅटच्या खाली भोक होतं, पावलाएवढं. ते असणारच, दगड तिथूनच आला होता. मी सवयीने चुंबक भोकाच्या कडेला लावलं. ते धरेना. बोटभर मागे सरकवलं, तिथेही धरेना. हातभर मागे आल्यावर कुठे टक्कन चिकटलं. म्हणजे आईच्या पायाखाली जो तळ होता तो पत्रा नव्हताच. मी स्क्रू ड्रायव्हरने काळा रंग खरवडला. खाली राखाडी पुट्टी, पुट्टीत गोणपाटाचे धागे, आणि त्यांच्या खाली खिडकीला लावतात तसली बारीक जाळी.

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, दगड लागल्यानंतर कोणीतरी बुजवायला घेतलं असेल. मग मी डोळे मिटले आणि डावा हात भोकात घातला. जाळीची टोकं माझ्या बोटांना लागली. ती सगळी खाली वळलेली होती. चारी बाजूंनी, खाली. दगड रस्त्यावरून येतो. रस्त्यावरून आलेला दगड जाळी वर उचलतो. ही जाळी वरून कोणीतरी दाबून फोडली होती, आणि तिथे वरून दाबणारं एकच काहीतरी होतं.

मी हात तसाच आत ठेवून जाळीच्या कडेने पुढे नेला. रिव्हेट लागले, जाळी पत्र्याला धरून ठेवणारे ठोकलेले खिळे. दोन जवळजवळ, मग थोडी मोकळी जागा, मग दोन. जोडीजोडीने. असे रिव्हेट मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

धाकटा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्यालाही रिव्हेट दिसले. रंगारी झाला तरी त्याच शेडमध्ये वाढलेला तो.

"मॅट टाक," तो म्हणाला. "ताई, मॅट टाक परत. ऐक माझं. काही झालेलं नाही."

मी स्क्रू ड्रायव्हर घालून भोकाच्या कडेचं एक ढेकूळ तोडलं. पुट्टी, गोणपाट, जाळीचा तुकडा, सगळं एकत्र. ते मुठीत घेऊन मी घराकडे निघाले. धाकटा मागून हाका मारत होता. मला ऐकू येत होतं, पण मी थांबले नाही.

मागचं दार उघडलं तर बाबा समोरच. खाट आणि दार यांच्या मध्ये, वॉकरला लटकल्यासारखे उभे. गंजीफ्रॉक घामाने अंगाला चिकटलेला, उजवा पाय मागे फरफटलेला. खिडकीतून अंगण दिसतं. ताडपत्री निघालेली त्यांनी पाहिली होती. आई स्टुलावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. उठून धरत नव्हती.

तेव्हा मला एकदम सगळं कळलं. तो आनंद नव्हता. खाटेवर आपटलेला हात, डोळ्यांतलं पाणी, जिद्द, दाराच्या दिशेने टाकलेलं एकेक पाऊल. त्यांना गाडीत बसायचं नव्हतं. त्यांना आमच्या आधी गाडीपर्यंत पोचायचं होतं.

मी ते ढेकूळ त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. वॉकर सुटला, मी खांद्याने त्यांना धरून खाटेच्या कडेवर बसवलं. बसल्यावर त्यांनी डोळे मिटले. सवय. अंगठा ढेकळावरून फिरला, गोणपाटाच्या धाग्यांवरून, जाळीच्या टोकांवरून, आणि थांबला.

"काय आहे ते?" मी म्हटलं. माझा आवाज शेडमधला होता, घरातला नव्हे. "सांगा ना. पत्रा आहे का? माझ्या मडगार्डावरचा नखाएवढा थर तुम्हाला दिसला. मला हाकललंत. सगळ्यांसमोर. आणि हे काय आहे? आईला हातभर पुट्टीवर बसवून नेलंत तुम्ही. कुठला दगड? कुठे होता दगड?"

"आरडू नकोस," आई म्हणाली.

"आई, तुला माहितीये हे काय आहे? हे तुझ्या पायाखालचं."

"मला काय दाखवतेस? पाय माझा होता." तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. "ब्रेक लागला, मी पाय रेटला, तो सरळ खाली गेला. रस्ता लागला मला, दगड नाही. पायाला गोणपाटाचे धागे चिकटले होते, ते दवाखान्यातल्या बाईने चिमट्याने काढले. मी बघत होते."

मी खाली बसले. दारात धाकटा येऊन उभा राहिला होता, हातात ती रबरी मॅट तशीच.

"मग तू बोलली का नाहीस?"

"ते दगड म्हणाले, मीही दगड म्हणाले. दवाखान्यात म्हणाले, तुझ्या मामांसमोर म्हणाले. सगळ्यांच्या गाड्या चकचकीत आणि आपलीच फुटकी, असं मीच टोचून बोलायची त्यांना. गिऱ्हाइकांच्या कामातून सवड नव्हती, एका सुट्टीच्या दिवशी घाईघाईने उरकलं असणार. ते मला कळत होतं. मला वाटलं, आज ना उद्या सांगतील. मला माफीबिफी नको होती. फक्त त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. दुपारी जेवण झालं की हातोडी घेऊन गाडीपाशी जायचे, ताडपत्रीचं टोक उचलायचे, आणि तसेच परत यायचे. तोडायची हिंमत नाही, सांगायची हिंमत नाही." आईने दुसरा कपडा उचलला आणि तो तसाच मांडीवर ठेवला. "झटका आला त्या दिवशी तुम्ही दोघं रडलात. मला राग आला होता. तोंडच गेलं यांचं. न सांगताच सुटले, असं वाटलं मला."

हे ती बाबांकडे बघून बोलत होती. बाबा डोळे मिटूनच बसले होते.

"आणि मला हाकललं तेव्हा? तेव्हाही गप्प बसलीस तू."

"तुझ्या मडगार्डात त्यांना माझा पाय दिसला. मला कळलं होतं ते."

"कळलं होतं तर बोलायचंस ना माझ्या बाजूने."

"तुझं बोलले असते तर माझंही बोलावं लागलं असतं," आई म्हणाली.

मला तिचाही राग आला. खरंच आला. मी ओट्याशी उभी राहून हातोडीचे आवाज ऐकत होते तेव्हा ही माझ्या शेजारी कणीक मळत होती आणि हिला सगळं ठाऊक होतं. या घरात एका दगडाच्या भरवशावर सगळ्यांनी संसार केला. मी काहीतरी खूप लागेल असं बोलणार होते. शब्द तोंडात तयार होते.

तेवढ्यात बाबांच्या घशातून आवाज आला.

"द..."

अलीकडे सरावाने त्यांना पाणी, चल, नको असे सुटे शब्द यायला लागले होते. दोन शब्द जोडून त्यांनी काही म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, मान ताठ झाली होती, डाव्या मुठीत ते ढेकूळ इतकं आवळलेलं की जाळीचं टोक तळव्यात रुतून रक्त आलं.

"दग... दगड..."

धाकटा पुढे आला. "राहू द्या बाबा, कळलं आम्हाला. त्रास करून घेऊ नका."

"तू बाजूला हो," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिने धाकट्याला असं कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तो बाजूला झाला.

"दगड न... नव्हता." बाबांनी डोळे उघडले आणि आईकडे बघितलं. "पुट्टी. मी."

शब्द लडबडलेले होते, पण होते. मला वाटलं, आता आई रडेल, किंवा उठून त्यांच्या हातातला तो तुकडा काढून घेईल, तळवा पुसेल. तिने तसलं काही केलं नाही. स्टूल ओढत, पाय ओढत ती त्यांच्या अगदी समोर जाऊन बसली.

"ऐकू आलं नाही मला," ती म्हणाली. "पुन्हा."

बाबांचा चेहरा काय झाला ते मी सांगत बसत नाही. त्या शब्दाची धार त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार? ते खाली बघू लागले, तर आईने हनुवटीला हात लावून त्यांचं तोंड वर केलं. मी उठले. माझ्या मडगार्डाचा हिशोब बाकी होता आणि तो मी सोडणार नव्हते, पण रांगेत आई पुढे होती.

मी धाकट्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. अंगणात गाडी तशीच, एक दार लोंबत, ताडपत्री बाजूला पडलेली. उन्हात ती आणखी वाईट दिसत होती. धाकट्याने मॅट खाली टाकली.

"मग आता?" तो म्हणाला. "काय करायचं हिचं?"

"कापायची."

"सगळी?"

"सगळी. टप तुला हवा असेल तर ठेव."

तो टपाकडे बघत म्हणाला, "पण ताई, गाडीच नाही म्हटल्यावर ते व्यायाम कशासाठी करतील?"

मी शेडमधून पत्रा कापायचा ग्राइंडर आणला, वायर लांब ओढली, चष्मा डोळ्यांवर चढवला. खिडकी उघडी होती. आतून बाबांचा आवाज आला, अडखळत, पण मघापेक्षा एक अक्षर स्वच्छ.

"दगड नव्हता."

मग आईचा.

"पुन्हा."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी ग्राइंडर हातात धरून उभी होते, पण बटण दाबलं नाही. त्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नसतं.